उसाची पाने खाणारी लष्करी अळी : अंड्यापासून पतंगापर्यंत

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग

लागणीचा ऊस दीड-दोन महिन्यांचा झाला की गट ऑफिसात एकच विचारणा सुरू होते. "साहेब, पोंग्यात अळी पडलीय, पानांची चाळण झालीय, कुठलं औषध मारू?" विचारणाऱ्याची घाई आम्हाला समजते. बेणे, खत, मशागत मिळून मोठी रक्कम आधीच रानात गेलेली असते आणि उसाचे बिल हातात पडायला अजून वर्ष असते. पण औषधाचे नाव सांगण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते. ती म्हणजे अळीचे वय. अळी चार दिवसांची असेल तर उपाय एक, बारा दिवसांची असेल तर दुसरा. आणि ती जमिनीत जाऊन कोषात बसली असेल, तर पोंग्यात मारलेले औषध म्हणजे पैसे पाण्यात.

म्हणून या अंकात औषधांची यादी न देता या किडीचे आयुष्य क्रमवार सांगत आहे. ते एकदा ध्यानात आले की कधी हात हलवायचा आणि कधी खिशाला हात लावायचा नाही, हे ज्याचे त्याला ठरवता येईल.

ही अळी कोणती?

आपल्याकडे लष्करी अळी नवी नाही. ज्वारी, भात आणि उसावर पडणारी जुनी देशी लष्करी अळी वडीलधाऱ्यांना माहीत आहे. ती दिवसा पाचटाखाली, ढेकळांत लपते आणि रात्री झुंडीने पाने खाते. आज ज्या अळीबद्दल बोलायचे, ती तिची परदेशी चुलत बहीण, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा. हिचे मूळ घर अमेरिका खंडाचा उष्ण भाग. २०१६ साली ती आफ्रिकेत आढळली आणि दोन वर्षांत त्या खंडाच्या बहुतेक देशांत पसरली. २०१८ च्या मे-जूनमध्ये कर्नाटकात शिवमोग्गा भागात मक्यावर तिची नोंद झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यात ती उसावर दिसली. म्हणजे देशात आल्यावर चार महिन्यांच्या आत ती उसापर्यंत पोचली.

ओळखायची खूण सोपी आहे. मोठी झालेली अळी हातात घेऊन डोक्याकडे पाहा. कपाळावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी फिकट रेघ दिसते. मग शेपटीकडे पाहा. शेवटून दुसऱ्या वळीवर चार काळे ठिपके चौकोनात मांडलेले असतात. या दोन्ही खुणा असल्या तर ती हीच.

येथे एक गल्लत नेहमी होते. खोडकीड, शेंडेकीड आणि कांडीकीड याही पतंगाच्याच अळ्या, पण त्या आत शिरून पोखरतात. खोडकिडीचा पोंगा वाळतो आणि ओढला की सहज उपसून हातात येतो, त्याला घाण वास येतो. लष्करी अळीने खाल्लेला पोंगा फाटका-तुटका दिसतो, पण हिरवा असतो आणि ओढून निघत नाही. पाकोळी, म्हणजे पायरिला, ही तर पतंगच नव्हे. ती पानातला रस शोषणारी कीड आहे. तिघांचे औषध एक नाही, म्हणून आधी ओळख पटवा.

पहिली अवस्था : अंडी

मादी पतंग रात्री अंडी घालते. एकेक सुटे अंडे न घालता १०० ते २०० अंड्यांचा पुंजका पानावर चिकटवते, बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूस. त्यावर स्वतःच्या अंगावरचे करड्या रंगाचे केस पसरते. लांबून पाहिले तर पानाला बुरशी लागली आहे किंवा कापसाचा मळका बोळा चिकटला आहे असे वाटते. एक मादी आयुष्यात दीड ते दोन हजार अंडी घालू शकते.

उबदार हवेत ही अंडी २ ते ३ दिवसांत फुटतात. मुदत थोडी आहे, पण या कामाला औषध लागत नाही. पानावरचा पुंजका बोटाने चिरडला की दीडशे अळ्या तिथेच संपल्या. भांगलणीच्या बायकांची नजर प्रत्येक सरीवरून फिरते, त्यामुळे हा पुंजका मालकाआधी त्यांनाच दिसतो. त्यांना एकदा नमुना दाखवून ठेवा. आमच्या भगिनींनी या कामात लक्ष घातले, तर फवारणीचा पंप बाहेर काढण्याची वेळच बऱ्याच रानांत येणार नाही.

दुसरी अवस्था : अळी

अंड्यातून निघालेली अळी दोन मिलिमीटरही भरत नाही. रंग फिकट, डोके काळे. पहिले एक-दोन दिवस साऱ्या अळ्या जवळजवळ राहून पानाचा हिरवा भाग खरवडतात. वरचा पापुद्रा तसाच राहतो, त्यामुळे पानावर पांढरट, आरपार दिसणारे चट्टे पडतात. मग त्या तोंडातून रेशमासारखा धागा सोडतात आणि त्याला लोंबकळत वाऱ्याबरोबर शेजारच्या उसावर जातात. एका पुंजक्यातून चार-सहा सरींत प्रादुर्भाव दिसतो, त्याचे कारण हे.

नंतर अळी पोंग्यात उतरते. तेथे सावली असते, ओल असते आणि कोवळे पान असते. गुंडाळलेल्या पानाला तिने एक भोक पाडले की ते भोक अनेक घड्यांतून आरपार जाते. तेच पान उलगडल्यावर एका ओळीत भोके दिसतात. पोंग्यात ओल्या भुश्यासारखी विष्ठा साठलेली असते. भोके आणि भुसा दोन्ही दिसले की समजा, अळी आत आहे किंवा नुकतीच गेली.

अळी वाढते तशी पाच वेळा कात टाकते, म्हणजे तिच्या सहा अवस्था होतात. उबदार हवेत हा सारा काळ साधारण १४ दिवसांचा असतो, हवा थंड असेल तर लांबतो. या १४ दिवसांतले खाणे कसे वाटलेले आहे, ते नीट पाहा. अळी जन्मभरात एक रुपयाचे पान खाते असे धरू. पहिल्या तीन अवस्था मिळून दोन पैशांचेही खात नाहीत. चौथी अवस्था पाच पैशांच्या आसपास खाते, पाचवी सोळा पैसे. आणि सहावी, म्हणजे शेवटच्या तीन-चार दिवसांतली अळी, एकटी ७७ पैशांचे पान फस्त करते.

आता यातला मुद्दा असा. आपल्याला रान "खाल्लेले" दिसते ते या शेवटच्या तीन-चार दिवसांत. त्याआधी दहा दिवस अळी शेतातच होती, पण खाणे इतके थोडे की बांधावरून कळत नाही. कळते तेव्हा सभासद दुकानात जातो, औषध आणतो, दुसऱ्या दिवशी माणूस लावतो. तोवर अळी पोटभर खाऊन जमिनीत उतरलेली असते. आठवड्याने पोंग्यातून नवे चांगले पान येते आणि "औषधाचा गुण आला" असे वाटते. बऱ्याचदा तो गुण औषधाचा नसतो. अळीचे खाणे आपोआप थांबलेले असते, इतकेच.

दुसरे असे की मोठी अळी मारायला अवघड असते. ती पोंग्यात खोल बसते आणि वर स्वतःच्या विष्ठेचे बूच असते, त्यामुळे औषधाचा थेंब तिच्यापर्यंत पोचत नाही. लहान अळी मात्र उघड्या पानावर असते आणि निंबोळी अर्कासारख्या साध्या उपायालाही दाद देते.

या अळीचा एक स्वभाव आपल्या फायद्याचा आहे. ती आपल्याच भाऊबंदांना खाते. त्यामुळे एका पोंग्यात सुरुवातीला दहा अळ्या शिरल्या तरी शेवटी एखाद-दुसरीच उरते.

तिसरी अवस्था : कोष

वाढ पुरी झालेली अळी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. ती खाणे सोडते, पोंग्यातून उतरते आणि जमिनीत २ ते ८ सेंटिमीटर खोल जाऊन मातीचे घरटे करते. त्यात तांबूस तपकिरी रंगाचा, दीड सेंटिमीटर लांबीचा कोष तयार होतो. जमीन फार कडक असेल तर पालापाचोळा गुंडाळून ती वरच कोष करते. उन्हाळ्यात कोष ८-९ दिवसांत फुटतो, थंडीत २० ते ३० दिवस लागतात.

या काळात कसलीही फवारणी निरुपयोगी आहे. कामाला येते ती मशागत. कोळपणी, बाळबांधणी, खोडव्यात बगला फोडणे या कामांनी वरचा थर उलथला की कोष उघड्यावर येतात. साळुंक्या आणि बगळे औताच्या मागे का चालतात, ते सांगायला नको. म्हणजे जी मशागत आपण उसासाठी करतोच, ती वेळेवर झाली तर हे कामही त्यातच होते.

चौथी अवस्था : पतंग

कोषातून करड्या-तपकिरी रंगाचा पतंग बाहेर पडतो. पंख पसरल्यावर रुंदी साडेतीन-चार सेंटिमीटर. नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरा ठिपका असतो, मादी साधीच दिसते. पतंग दिवसा लपतो आणि रात्री हिंडतो. तो पान खात नाही. साधारण दहा दिवस जगतो. मादी अंडी घालायला तीन-चार दिवसांनी सुरुवात करते आणि बहुतेक अंडी पहिल्या चार-पाच दिवसांतच घालून टाकते.

वाऱ्याची साथ मिळाली तर हा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणून "शेजाऱ्याने फवारले नाही म्हणून माझ्याकडे आली" अशी बांधावरची भांडणे व्यर्थ आहेत. तो शेजारच्या तालुक्यातूनही आलेला असू शकतो. दुसरे म्हणजे ही कीड कोणत्याही अवस्थेत झोपी जाऊन हंगाम काढत नाही. तिला बारमाही हिरवे खाद्य लागते. ते तिला आपल्या बागायती पट्ट्यात मिळते.

महिन्याचा हिशेब

उबदार हवेत एक पिढी अशी पुरी होते :

अंडी : २ ते ३ दिवस. उपाय, पुंजके चिरडणे.
लहान अळी (पहिल्या तीन अवस्था) : ६ ते ७ दिवस. उपाय करण्याची खरी वेळ हीच.
मोठी अळी (पुढच्या तीन अवस्था) : ७ ते ८ दिवस. वेचता आली तर वेचा. फवारणीचा उपयोग कमी.
कोष : ८ ते ९ दिवस. उपाय, मशागत.
पतंग अंडी घालू लागेपर्यंत : ३ ते ४ दिवस. कामगंध सापळ्यावर नजर.

एकूण महिना भरतो. हिवाळ्यात हाच फेरा दोन-तीन महिन्यांवर जातो. अर्थात सारे पतंग एकाच रात्री येत नाहीत, त्यामुळे एका रानात सगळ्या वयाच्या अळ्या कमी-अधिक सापडतात. तेव्हा पाहायचे ते हे की लहान जास्त आहेत की मोठ्या.

उसाचे नुकसान किती?

मक्याचे आणि उसाचे येथे वेगळे आहे. मका एका ताटाचे, तीन-चार महिन्यांचे पीक. पोंगा गेला की त्या ताटाचे कणीस धोक्यात येते. ऊस बारा ते अठरा महिने रानात असतो. कोवळ्या उसाचा वाढीचा कोंब जमिनीलगत, खाली असतो. अळी वरची पाने खाते, तो कोंब बहुधा शाबूत राहतो. नवी पाने येतात, फुटवे येतात, आणि खत-पाणी वेळेवर असेल तर पीक सावरते. मोठ्या बांधणीनंतर उसाने जोम धरला की या अळीची काळजी राहत नाही.

म्हणून फाटलेले पान पाहून घाबरू नये. काळजी करायची ती तीन ठिकाणी : पहिल्या दोन-तीन महिन्यांतली लागण, पाण्याच्या ताणावर असलेला ऊस, आणि मक्याच्या शेजारचा ऊस.

मका आणि ऊस

उसाच्या सरीत वैरणीसाठी मका टोकण्याची पद्धत काही गावांत आहे. दूध-दुभत्याला ओला चारा मिळतो हे खरे. पण या अळीचे सर्वांत आवडते खाद्य मकाच आहे. उसात मका लावणे म्हणजे तिला घरात बोलावून जेवायला वाढणे होय. मका कापून नेल्यावर मागे राहिलेल्या अळ्यांना समोर कोवळा ऊसच असतो. आंतरपीक घ्यायचेच तर हरभरा, भुईमूग, कांदा, कोबी अशी पिके घ्या. वैरणीचा मका वेगळ्या तुकड्यात, उसापासून जमेल तितका दूर करा आणि त्यावर पहिल्या महिन्यात लक्ष ठेवा. मक्याच्या पोंग्यात वाळू व चुना ९ : १ प्रमाणात मिसळून चिमूटभर टाकण्याची शिफारस आहे. खर्च फारसा नाही.

आपले मित्र ओळखा

ज्येष्ठ सभासदांना २००२ सालचा लोकरी मावा आठवत असेल. त्या पावसाळ्यात सांगली भागात तो दिसला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात पसरला. पाने पांढरी पडली, खाली काळी काजळी धरली. औषधांवर पुष्कळ पैसा गेला. पण मावा खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो डिफा, मायक्रोमस आणि पुढे एन्कार्सिया या मित्रकीटकांमुळे. यातला डिफा कोण? तोही एक पतंगच. त्याची अळी मावा खाऊन जगते. म्हणजे उसात दिसणारी प्रत्येक अळी शत्रू नव्हे. ज्या शेतात वरचेवर जहाल औषध पडले, तेथे हे मित्र आधी मेले.

लष्करी अळीलाही असे वैरी आहेत. टेलेनोमस आणि ट्रायकोग्रामा या बारीक गांधीलमाश्या तिच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. केसांनी झाकलेल्या पुंजक्यात शिरायला टेलेनोमस अधिक तरबेज. पावसाळी दमट हवेत नोमुरिया नावाची बुरशी अळीला धरते. अळी कडक होऊन पानालाच चिकटून मरते, अंगावर आधी पांढरी आणि मग फिकट हिरवी पूड दिसते. अशा अळ्या रानात दिसू लागल्या तर फवारणी करू नका आणि त्या काढूनही टाकू नका. त्यांच्यावरचीच पूड उडून बाकीच्यांना लागते. काही अळ्या मऊ पडून पानाला उलट्या लोंबकळताना दिसतात. तो विषाणूचा रोग आहे, तोही आपल्या बाजूचा.

खोडकीड व कांडीकिडीसाठी ज्यांनी ट्रायकोकार्ड टाचली आहेत, त्यांनी त्या काळात रासायनिक फवारणी केली तर कार्डाचे पैसे वाया गेले असे समजावे. पाचट जाळल्यानेही कोळी, मुंगळे, भुंगेरे हे सगळे राखणदार जळून जातात. पाचट सरीत ठेवा.

काय करावे?

१) लागण झाल्यापासून तीन महिने आठवड्यातून एकदा रानात फिरा. एका कडेने न जाता वेडेवाकडे, पाच ठिकाणी थांबा. प्रत्येक ठिकाणी ओळीने दहा बेटे पाहा. पन्नासपैकी किती बेटांत ताजी भोके आणि ओला भुसा आहे ते मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात आकडा वाढतो की उतरतो, त्यावर पुढचे ठरते.

२) कामगंध सापळे एकरी पाच लावा. यात फक्त नर सापडतात, त्यामुळे सापळा हा बंदोबस्त नसून सूचना देणारी घंटा आहे. पतंग पडू लागले की चार-पाच दिवसांत पुंजके शोधायला लागा.

३) पुंजके व अळ्या दिसतील तशा चिरडा. पक्ष्यांना बसायला एकरी दहा काठ्या रोवा.

४) पांढरे चट्टे दिसत असतील आणि अळी लहान असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पोंग्यात पडेल असा फवारा.

५) पाणी आणि नत्राचा हप्ता चुकवू नका. अळी पडली म्हणून जास्तीचा युरिया मात्र टाकू नका.

६) रासायनिक औषधाची वेळ आलीच, तर आधी चार-पाच अळ्या आणि खाल्लेले पान डबीत घालून गट ऑफिसला आणा, किंवा चिटबॉयला रानात घेऊन जा. मक्याला शिफारस असलेले औषध उसालाही चालते असे गृहीत धरू नका. डब्यावरच्या चिठ्ठीत उसाचे नाव आणि मात्रा आहे का, ते पाहा. दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-तीन औषधे एकत्र कालवू नका. फवारताना तोंडाला फडके, हातात मोजे असू द्या. त्या रानातले गवत व पाने चिठ्ठीवर सांगितलेले दिवस जनावरांना घालू नका.

सभासद बंधू-भगिनींनो, उसाचा दर आपल्या एकट्याच्या हातात नसतो, पाऊस तर नसतोच. रानात जाणारा खर्च मात्र पुष्कळसा आपल्या हातात आहे. आठवड्याला अर्धा तास पोंग्यात डोकावले तर न लागणारी एक फवारणी सहज वाचते. या हंगामात ज्यांची लागण तीन महिन्यांच्या आतली आहे, त्यांनी हा अंक वाचून झाल्यावर उद्या सकाळीच पन्नास बेटे मोजावीत आणि आकडा आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला कळवावा. सगळ्या गावांचे आकडे जमले तर कुठे लहान अळी आहे आणि कुठे कोष, हे विभागाला कळेल आणि प्रत्येक गावाला त्या-त्या वेळी योग्य सूचना देता येईल.

कळावे.